माल रवाना करण्यापूर्वी हवामान पाहा

मार्च ते मे हा काळ आपल्या धंद्यास फसवा असतो. सकाळचे कडक ऊन पाहून आपण रंगवलेले कापड वाळत घालतो, बेदाण्याचा ट्रक भरतो आणि सायंकाळी अवकाळी पाऊस गाठतो.

आपला देश मोठा. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात काश्मीर-पंजाबात पाऊस व गारा आणतात. त्याच सुमारास बंगालात दुपारनंतर कालबैसाखीची वादळे उठतात आणि विदर्भात पारा ४० अंशांपलीकडे जातो. म्हणून केवळ आपल्या गावचे आकाश पाहून भागत नाही. माल निघतो ते गाव, मधली वाट आणि पोहोचण्याचे ठिकाण, या तिन्हींचा अंदाज पाहावा.

भारतीय हवामान खात्याचा अल्पकालीन अंदाज तीन दिवसांपर्यंतचा असतो. इशाऱ्याचा पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे तातडीने पावले उचला. हा अंदाज रोज नव्याने दिला जातो. कालच्या अंदाजावर आजचा माल पाठवू नये.

आमचे सांगणे इतकेच की, ताडपत्रीचा खर्च थोडा असतो, पण भिजलेल्या मालाला कोणी भाव देत नाही.