सूर्यफुलावरील अदृश्य खूण : अतिनील छायाचित्रणाचा पहिला पाठ

सूर्यफुलाची पाकळी आपणांस बुडापासून टोंकापर्यंत सारखीच पिवळी दिसते. मधमाशीस मात्र ती तशी दिसत नाहीं. सुमारें ४०० नॅनोमीटरहून आंखूड लहरींचे किरण मनुष्याच्या डोळ्यास दिसत नाहींत, पण मधमाशीस दिसतात. यांस अतिनील किरण म्हणतात. जांभळ्या रंगाच्या पलीकडील काळोखांत रौप्य क्लोराइड अधिक त्वरेनें काळें पडतें हें पाहून जर्मन शास्त्रज्ञ रिटर यानें १८०१ सालीं त्यांचा शोध लाविला. पाकळीचें टोंक हे किरण परत फेंकतें व बूड ते शोषून घेतें. त्यामुळें फुलाच्या मध्याभोंवतीं काळें वलय उमटतें. तें छायाचित्रांत पकडणें हा शेतकऱ्यास सहज साधणारा छंद आहे.

साहित्य :— नवा कॅमेरा घेण्याचें कारण नाहीं. मागील पडद्यावर पाहून छायाचित्र घेतां येईल असा जुना डिजिटल कॅमेरा चालेल. त्याच्या सेन्सरवर अतिनील व अवरक्त किरण अडविणारी कांच असते. ती जाणत्या कारागिराकडून काढवून घ्यावी. कॅमेरा स्वतः उघडूं नये, कारण आंतील दिव्याच्या भागांत विजेचा मोठा दाब शिल्लक राहतो. भिंगांत कांचा व लेप जितके कमी, तितके हे किरण अधिक आंत येतात. म्हणून छायाचित्र मोठें करण्याच्या जुन्या यंत्राचें साधें भिंग जोडकड्यानें बसवावें. तिसरी वस्तु केवळ अतिनील किरण सोडणारा फिल्टर. पैसे खर्चावयाचे ते येथेंच खर्चावे. कारण काळ्या दिसणाऱ्या पुष्कळ कांचांतून अवरक्त किरणहि शिरतात.

कृति :— स्वच्छ उन्हांत, वारा नसतां, कॅमेरा तिपाईवर ठेवावा. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉनची पट्टी पुष्कळ पदरी करून फुलाशेजारीं लावावी. ती हे किरण सारखेच परत फेंकते, म्हणून उजेडाचें माप तिच्यावरून घेतां येतें. भिंगाचें छिद्र एफ ८ किंवा एफ ११ ठेवावें, आणि फिल्टर लावल्यावरच पडद्यावर पाहून चित्र स्पष्ट करून घ्यावें. एक-दोन सेकंदांपासून वेळ वाढवीत जावें. सूर्याकडे भिंग रोखूं नये. अतिनील दिव्याकडे उघड्या डोळ्यांनीं पाहूं नये.

पडताळा :— चित्रांतील पानें पाहावीं. अतिनील प्रकाशांत हिरवीं पानें काळसर येतात, अवरक्तांत पांढरीं. पानें उजळ आलीं तर फिल्टर गळका समजावा, व त्या चित्रावरून कांहींहि ठरवूं नये. पीकपाहणीच्या नोंदीप्रमाणें प्रत्येक चित्राशीं तारीख, वेळ, वाण, छिद्र व सेकंद लिहून ठेवावे.

वाणावाणांत हें वलय लहान-मोठें असतें. पण मोठें वलय म्हणजे अधिक उत्पन्न, असें चित्रावरून म्हणूं नये. या छंदाचा खरा लाभ निराळा आहे. सूर्यफुलाचा दाणा भरण्यास मधमाशीचें मोठें साहाय्य होतें. जें फूल आपण नुसतें पिवळें समजतों, तें तिच्यासाठीं खुणा मांडून बसलेलें असतें, हें एकदां डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे भर फुलोऱ्यांत सकाळच्या वेळीं विषारी औषध फवारण्यास हात धजत नाहीं. फवारणी टाळतां येतच नसेल, तर मधमाश्या पोळ्याकडे परतल्यावर, संध्याकाळीं करावी.