जोडणारा दांडा

शास्त्रपाठ : इफिसकरांस पत्र ४:११-१६



सातपुड्यात धडगाव-मोलगीच्या बाजूला धान्य आणि औषधे पाड्यांवर पोहोचवायची, तर पिकअपसारखी दणकट गाडी लागते. अशा गाडीचे इंजिन निकामी झाले की सगळे पहिल्यांदा नव्या इंजिनाच्या पैशांबद्दल बोलतात. मेकॅनिक मात्र गाडीखाली वाकून पाहतो. इंजिन पुढे असते आणि गाडी ढकलणारी चाके मागे. गिअरबॉक्समधून निघालेली शक्ती मागच्या चाकांपर्यंत नेतो तो प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गाडीच्या पोटाखाली फिरणारा पोकळ पोलादी दांडा. तो नसेल तर इंजिन कितीही जोरात चालले तरी गाडी जागची हलत नाही.

या दांड्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात. गॅरेजमध्ये त्यांना ‘क्रॉस’ म्हणतात. अमेरिकेतील क्लॅरेन्स स्पायसर यांनी मोटारीसाठी केलेल्या अशा सांध्याच्या रचनेला १९०३ मध्ये पेटंट मिळाले. त्या काळी पुष्कळ मोटारींची चाके साखळीने फिरत, आणि साखळी धुळीने लवकर झिजे. स्पायसर हे सेव्हन्थ डे बॅप्टिस्ट मंडळीचे श्रद्धावंत सभासद होते.

पौलाने मंडळीला शरीराची उपमा दिली, तेव्हा सांध्यांचा उल्लेख आवर्जून केला. मस्तक ख्रिस्त आहे, अवयव पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक सांधा आपापले काम करतो तेव्हा शरीर वाढते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. इंजिन बदलताना हा दांडा कसा बसवतात, ते पाहिले की सांध्याचे काम समजते.

१. माप शेवटच्या जागेवर घ्यावे. वेगळ्या बनावटीचे इंजिन व गिअरबॉक्स बसवला की गिअरबॉक्सचे मागचे टोक सरकते आणि जुना दांडा लांब किंवा आखूड पडतो. नवे माप घाईने घेऊन चालत नाही. इंजिन कायमच्या माउंटिंगवर घट्ट बसलेले हवे आणि गाडीचा भार तिच्या चाकांवर हवा. चाके हवेत लोंबकळत असताना घेतलेले माप रस्त्यावर चुकते. गावाचेही तसेच आहे. शहरात बसून आखलेली योजना कागदावर नेमकी असते, पण पाड्यावरच्या माणसांच्या खांद्यांवर कोणता भार आहे तो पाहिल्याशिवाय खरे माप मिळत नाही.

२. सरकायला जागा ठेवावी. खड्ड्यात मागचा आस वर-खाली होतो आणि दांड्याला लागणारी लांबी बदलते. म्हणून दांड्यात खाचांचा सरकता जोड असतो. तो पूर्ण आत दाबून बसवला तर पहिल्याच मोठ्या धक्क्याला गिअरबॉक्सवर घाव बसतो. फार बाहेर राहिला तर पकड सुटते. साधारण २० ते २५ मिलिमीटर जागा मोकळी ठेवतात. ऊसतोडीसाठी कुटुंबे निघून जातात, होळीला पाडेच्या पाडे एकत्र येतात, शेताची घाई असते. जो कार्यक्रम या दिवसांप्रमाणे मागेपुढे सरकत नाही, तो कुठेतरी मोडतो.

३. दोन्ही सांधे जुळवून बसवावेत. कोनात फिरणारा एकटा सांधा दांड्याची गती प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढवतो आणि दोनदा घटवतो. पुढच्या सांध्याने आणलेला हा चढउतार मागचा सांधा भरून काढतो, पण दोघांची तोंडे एका रेषेत असतील आणि दोन्हीकडचे कोन सारखे असतील तरच. म्हणून दांडा काढण्यापूर्वी मेकॅनिक खडूने किंवा रंगाने खुणा करून ठेवतो. बाहेरून आलेला सेवक आणि गावातला सेवक यांचेही असेच असते. बाहेरच्याला हिशोब आणि औषधे समजतात, गावातल्याला भिलीतले किंवा पावरीतले दुःख समजते. दोघे मेळाने चालले तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

४. तोल आणि वंगण सांभाळावे. कापून पुन्हा वेल्डिंग केलेला दांडा यंत्रावर तोलून घ्यावा लागतो. थोडेसे वजन एका बाजूला गेले तरी वेगात सारी गाडी थरथरते. क्रॉसमध्ये ग्रीस भरताना ते चारही टोप्यांतून बाहेर येईपर्यंत भरावे. एक टोपी कोरडी राहिली तरी सांधा तिथूनच झिजू लागतो.

काम करणाऱ्याच्या जिवाचीही काळजी हवी. दांडा काढला की गाडी गिअरमध्ये टाकून उपयोग नाही, कारण चाके आणि गिअरबॉक्स यांचा संबंधच तुटलेला असतो. म्हणून आधी चाकांना ठोकळे लावावेत आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी शिरू नये. शिवाय इंजिनाचा क्रमांक नोंदणीपत्रात असतो. त्यामुळे बदलाची परवानगी व नोंद आरटीओकडे करून घेणे हा प्रामाणिकपणाचाच भाग आहे.

हे सारे कशासाठी? घाट उतरताना चालक गिअरच्या आधाराने गाडी आवरतो. तिथे सांधा तुटला तर तो आधार क्षणात जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. दांड्याचे पुढचे टोक सुटून रस्त्यात रुतले तर गाडी उलटूही शकते. एवढासा भाग, पण त्याच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

इंजिनासाठी दान देणाऱ्याचे नाव पाटीवर लागते. दांड्यावर कोणी नाव रंगवत नाही. आपल्या सेवेतही दुभाष्याचे मानधन, गावातल्या सेविकेचा एसटीचा खर्च, चालकाचे वेळेवर वेतन, गाडीची देखभाल हे खर्च अहवालात लहान दिसतात आणि काटकसर करायची झाली की पहिली कात्री त्यांनाच लागते. ते कापले तर तुमचे दान इंजिनासारखे फिरत राहील, पण पाड्यापर्यंत पोहोचणार नाही. म्हणून पुढच्या वेळी दान देताना, हे जोडणाऱ्याच्या कामासाठी वापरा, असेही मोकळ्या मनाने कळवा.

मननासाठी प्रश्न :
१. तुमच्या मंडळीत दोन बाजूंना जोडणारे, पण कोणाच्या नजरेत न येणारे कोण आहेत?
२. त्यांच्यावर पडणारा भार तुम्ही शेवटचा कधी विचारला होता?
३. तुमच्या योजनांत सरकायला जागा आहे का?

प्रार्थना : हे प्रभू, आम्हांला केवळ बळ मागणारे नको, तर ते बळ गरजवंतापर्यंत नेणारे सांधे कर. डोंगरवाटांवर गाडी चालवणाऱ्यांना व गाडीखाली काम करणाऱ्यांना सुरक्षित ठेव. आमेन.