मुदत किती असावी?

समजा, एका गड्याने दुसऱ्याचं रान एका सालासाठी खंडाने घेतलं. तो त्या रानात बांध घालील का? शेणखत ओतील का? नाही. तो म्हणेल, "पुढच्या साली रान कुणाकडे जाईल, कोण जाणे!" बरं, तेच रान त्याला कायमचं देऊन टाकलं, तर तो मालकाला विचारील का? तेही नाही.

जी गोष्ट रानाची, तीच शाळांचा कारभार पाहणाऱ्या मंडळांची. सभासदाने किती वर्षे काम पाहायचं, त्या काळाला मुदत म्हणतात. मुदत फार थोडी असली, तर काम शिकण्यातच ती सरते. फार लांब असली, तर सभासद कुणाला जुमानत नाही.

अमेरिका देशात ५० राज्ये आहेत. त्यांतल्या बहुतेक राज्यांत शाळांसाठी एक राज्य शिक्षण मंडळ असते. न्यूयॉर्क राज्याचे मंडळ १७८४ साली स्थापन झाले. त्याचे निवडलेले सभासद पूर्वी तहहयात असत. तहहयात म्हणजे मरेपर्यंत! पुढे मुदत ठरवून दिली. ती बदलत गेली. आज ती ५ वर्षांची आहे.

मॅसॅच्युसेट्स राज्याने १८३७ साली मंडळ नेमले, तेव्हा वेगळी युक्ती केली. राज्यपालाने ८ सभासद नेमायचे होते. यादीतला पहिला सभासद १ वर्षाने जायचा. दुसरा २ वर्षांनी, तिसरा ३ वर्षांनी, असे पुढे. जो जाईल, त्याच्या जागी नवा माणूस ८ वर्षांसाठी यायचा. म्हणजे दर साली एक नवा, आणि बाकीचे जुने.

मिशिगन राज्यातही मंडळाचे ८ सभासद असतात. मुदत ८ वर्षांची. दर २ वर्षांनी दोन जागांसाठी लोक मतदान करतात.

यात काय साधते? शेतकऱ्याला सांगायला नको. नवा खोंड आपण एकटा जुंपत नाही. शेजारी मुरलेला बैल लागतो. आपल्या राज्यसभेतही असेच आहे. सभासदाची मुदत ६ वर्षांची, पण दर २ वर्षांनी तिसरा हिस्सा सभासद निवृत्त होतात. सगळी सभा एकदम रिकामी होत नाही.

आता आपल्या गावाकडे या. शाळेची व्यवस्थापन समिती तुम्हाला ठाऊक आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ती आली. तिच्यात चारांत तीन सभासद पालक असावे लागतात. निम्म्या बाया असाव्या लागतात. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत ही समिती दर २ वर्षांनी नव्याने करायची, असे आहे.

मी हेडमास्तर होतो, तेव्हा आमच्या समितीत एक बाई होत्या. पहिले सहा महिने त्या बोलत नसत. मग त्यांनी पोषण आहाराची वही वाचायला घेतली. तांदूळ किती आला, किती शिजला, हे त्या विचारू लागल्या. मलाही जपून लिहावे लागे! आणि अशात त्यांचा मुलगा पुढच्या शाळेत गेला. त्यांचे सभासदपण संपले. नव्या समितीत वही उघडणारे कोणी नव्हते. मीही त्या बाईंना बोलावून नव्या लोकांशेजारी बसवले नाही. ती माझी चूक झाली.

मग मुदत वाढवावी का? वाढवता येईल. पण एक गोष्ट पाहावी. वाढवणारा कोण, आणि लाभ कुणाला? आपल्या लोकसभेची मुदत ५ वर्षांची. १९७६ साली, आणीबाणीत, घटना बदलून ती ६ वर्षे केली. बदल करणाऱ्या लोकसभेलाच त्याचा लाभ होणार होता. १९७८ च्या घटनादुरुस्तीने ती पुन्हा ५ वर्षांवर आणली. म्हणून मुदत वाढवायची झाली, तर ती पुढे येणाऱ्यांची वाढवावी. खुर्चीवर बसलेल्याने स्वतःची वाढवू नये.

समितीची मुदत आपल्या हातात नाही. पण माणसे निवडणे आपल्या हातात आहे. सगळे सभासद वरच्या वर्गातल्या मुलांचे पालक घेऊ नका. पहिली-दुसरीतल्या पोरांचे आईबापही घ्या. ते शाळेशी पुढे काही वर्षे बांधलेले असतात. आणि जुना सभासद जाईल, तेव्हा त्याने वही नव्याच्या हाती नुसती देऊ नये. शेजारी बसून वाचून दाखवावी.

विचार करा व सांगा

१. मुदत फार थोडी असली तर काय होते?
२. सगळे सभासद एकदम बदलले तर काय अडचण येते?
३. तुमच्या शाळेच्या समितीत कोण कोण आहेत? ती केव्हा नेमली? शाळेत जाऊन विचारा आणि वहीत लिहा.