पवनचक्कीच्या पात्याची कुरकुर

लिंबागणेशच्या परिसरात बालाघाटाच्या माळावर पवनचक्क्या फिरतात. त्यांची पाती काचतंतू आणि राळेच्या थरांची. माळवदाची तुळई करकरली की म्हातारी माणसे खाट बाहेर काढत. पातेही मोडण्याआधी कुरकुरते, पण बरेचसे कानापलीकडच्या पट्टीत. ती कुरकुर ओळखायची कृती प्रयोगशाळेत अशी.

पात्याच्याच तंतू-राळेची चादर घडवून 250 मिमी लांब, 25 मिमी रुंद पट्ट्या कापा. काहींत तंतू आडवे ठेवा. त्यात मुख्यतः राळच तडकते. काहींत उभे, तिथे शेवटी तंतू तुटतात. काहींत घडवतानाच मधल्या थरात टेफ्लॉनचा पातळ तुकडा घाला आणि तिथून थर उकला. हा खटाटोप टाळून थेट मिश्र पट्टी ताणणाऱ्याला आलेख सुंदर मिळतो, अर्थ मात्र लागत नाही.

आवाज टिपणारे दोन सेन्सर पट्टीवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर देऊन बसवा. ते रुंद वारंवारता-पट्ट्याचे हवेत. 150 किलोहर्ट्झला घुमणारा सेन्सर संवेदनशील खरा, पण प्रत्येक आवाजाला स्वतःचाच सूर चढवतो.

आता 0.5 मिमीचे 2एच शिसे 3 मिमी बाहेर काढून, पेन्सिल तिरकी धरून पट्टीवर मोडा. दोन्ही सेन्सरना सारख्या अंतरावरून जवळपास सारखे डेसिबल आले पाहिजेत. नाहीतर ग्रीस पुन्हा लावा. मग पट्टी ताणयंत्राच्या जबड्यांत धरा आणि यंत्र चालू ठेवून, ताण न देता ऐका. पंपाची घरघर नोंदली जात असेल तर नोंदीचा 40 डेसिबलचा उंबरठा वाढवा. दोन सेन्सरवर आवाज पोहोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून त्याची जागा काढा, जबड्याजवळचे आवाज गाळा.

ताण टप्प्याटप्प्याने वाढवा, थोडा वेळ धरा, उतरवा, पुन्हा चढवा. योझेफ कायझरने 1950 मध्ये धातूंबाबत दाखवले, की आधीचा सर्वोच्च ताण ओलांडेपर्यंत पदार्थ गप्प राहतो. इजा झालेला काचतंतू-पदार्थ हा नियम मोडतो, आधीच बोलू लागतो. पदार्थ ज्या ताणाला बोलू लागला तो ताण भागिले आधीचा सर्वोच्च ताण, हे गुणोत्तर 1 च्या खाली घसरत गेले की इजा वाढते आहे. ताण स्थिर असतानाही आवाज थांबत नसेल तर अधिक सावध व्हा.

राळेची तडक सहसा हलकी, खालच्या पट्टीची. तंतूची तूट जोरकस, वरच्या पट्टीची. पण वारंवारतेचे नेमके आकडे दुसऱ्याच्या निबंधातून उचलू नका. या पदार्थात वरच्या पट्टीचा आवाज अंतराबरोबर लवकर विरतो, त्यामुळे लांबची तंतूची तूट राळेच्या तडकीसारखी दिसते. म्हणून पट्टीची कड घासून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून खात्री करा, मगच आलेखावर नावे लिहा.