शीत आघाडी मढपर्यंत येते का?

प्रश्न : आम्ही मुंबईत मढला राहतो. जानेवारीत एखाद्या दिवशी वारा एकाएकी उत्तरेचा होतो, हवा कोरडी पडते आणि वलांडीवरचे बोंबील भराभर वाळतात. त्याच सुमारास बातम्यांत उत्तर भारतातल्या शीत आघाडीचा उल्लेख असतो. ही आघाडी म्हणजे आभाळापर्यंत गेलेली थंड हवेची भिंत असते का? आणि ती खरंच आमच्यापर्यंत येते का?

उत्तर : आधी भिंतीचं पाहू. तिचा उलगडा झाला की मढचं कोडं निम्मं सुटतं.

थंड हवा उबदार हवेपेक्षा जड असते. तापमानात १० अंशांचा फरक असला तर साधारण साडेतीन टक्क्यांनी. एवढंसं वजन पुरतं. मासळीच्या बर्फाच्या खोलीचं दार उघडलं की गारवा आधी पायांना लागतो, तशीच ही हवा उबदार हवेच्या खाली जमिनीलगत घुसते. म्हणून आघाडीचा आकार पाचरीसारखा, मागे कललेला असतो. तिच्या टोकापासून ५० ते १०० किलोमीटर मागे जावं, तेव्हा कुठे थंड हवेचा थर १ किलोमीटर उंच होतो.

तरी तुमची भिंतीची कल्पना अगदीच चुकीची नाही. झाडं, घरं, टेकड्या तळाच्या हवेला अडवतात. तिच्या जरा वरची हवा मोकळी असल्यामुळे पुढे धावते आणि आघाडीच्या तोंडाला नाकासारखा फुगवटा येतो. त्या नाकाखाली सापडलेली उबदार, हलकी हवा उसळून वर येते आणि मोठी घुसळण होते. त्यामुळे जमिनीलगतच्या काहीशे मीटरांत आघाडी चांगली उभी असते. तिथे उभ्या माणसाला वारा फिरलेला, पारा उतरलेला काही मिनिटांत कळतो आणि हवेचा दाब चढू लागतो.

आता ती तयार कशी होते? थंड आणि उबदार हवा शेजारी असून भागत नाही, वाऱ्यांनी त्यांना एकमेकींकडे रेटावं लागतं. हजार किलोमीटरांत पसरलेला तापमानाचा फरक मग शंभर किलोमीटरांत, कधी त्याहून कमी अंतरात दाटतो. या रेट्याने उबदार हवा वर चढते, प्रसरण पावून थंड होते. थंड हवा खाली बसते, दाबली जाऊन तापते. म्हणजे वरच्या थरांत फरक आपोआप बोथट होत जातो. जमिनीशी मात्र हवेला खाली जायला जागाच नसते. तिथे हे बोथट होणं थांबतं आणि फरक दाटतच राहतो. आघाडीची धार सर्वांत तीक्ष्ण असते ती जमिनीलगत, आणि मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

मग ही धार मढला का जाणवत नाही? पश्चिमी झंझावाताबरोबर, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालीबरोबर, आलेली आघाडी पाकिस्तान, पंजाब, राजस्थानातून सरकते. दक्षिणेकडे येताना तापलेली जमीन थंड हवेला खालून ऊब देते. झंझावाताचं केंद्र दूर उत्तरेला राहिल्याने वाऱ्यांचा रेटाही ओसरतो. मुंबईपर्यंत उरते ती मागची कोरडी, उत्तरेची हवा, आणि तीच तुमचे बोंबील वाळवते. क्वचित तिला जोर असतो. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले, तो नीचांक आजही कायम आहे. जानेवारी २०२२मध्ये तर झंझावातामागच्या वाऱ्यांनी पाकिस्तानच्या किनाऱ्याकडची धूळ अरबी समुद्रावरून आणली. २३ तारखेला मुंबईचं आभाळ राखाडी झालं आणि भर दुपारी पारा २४ अंशांच्याही खाली राहिला.

पण आघाडीचीच घडण छोट्या आकारात तुम्हाला घरबसल्या भेटते. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारा वाहतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा शिरतो. दोघे समोरासमोर आले की मधला तापमानाचा फरक दाटतो आणि खाऱ्या वाऱ्याच्या तोंडाला तेच नाक येतं. मढला तो आधी पोहोचतो, मुलुंडला बराच उशिरा. मतलई जोरात असला तर हे तोंड समुद्रावरच अडून राहतं, आणि मग फेब्रुवारी-मार्चमध्येही सांताक्रूझचा पारा ३५च्या वर जातो.

अशा छोट्या आघाडीचा दुसरा प्रकार मे महिन्यातला, आणि तो धोक्याचा. गडगडाटी ढगाखालच्या कोरड्या हवेत पावसाचे थेंब वाटेतच वाफ होऊन विरतात, हवा गार आणि जड होते, खाली आदळते आणि जमिनीलगत चहूकडे पसरते. ५ अंशांनी थंड आणि १ किलोमीटर जाड असा थर नुसत्या वजनाने ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने सरकतो. आदळण्याचा जोर त्यात वेगळा मिळतो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत असाच वारा पावसाच्या पुढे धूळ उडवत आला. घाटकोपरला पेट्रोलपंपावर जाहिरातीचा अवाढव्य फलक कोसळून १७ माणसं गेली.

अशा वेळी वारा आधी येतो, पाऊस मागून. मे महिन्यात दुपारनंतर पूर्वेला ढग काळवंडला, खारा वारा एकदम पडला आणि क्षितिजाशी धुळीचा पट्टा दिसला, तर सरींची वाट पाहू नका. वलांडीवरचं वाळवण उतरवा आणि खाडीत होडी असेल तर ती किनाऱ्याला घ्या. गार झुळूक अंगाला लागल्यावर हाताशी फार थोडी मिनिटं उरतात.