पाण्याचा ताळेबंद पंचांना कसा शिकवावा

जळकोटच्या डोंगराळ भागातील पंचमंडळी जमाखर्च जाणतात. भूजलशास्त्र त्यांनी अभ्यासलेले नसते. म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्याने व्याख्यान न देता त्यांना विहिरीवर न्यावे. दोरीस दगड बांधून तळापर्यंत सोडावा. भिजलेली दोरी मोजली की पाण्याची उंची कळते. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी, हा गुणाकार त्यांच्याकडूनच करवून घ्यावा. त्यातील बरेचसे वाहून वा वाफ होऊन जाते. काळ्या पाषाणाच्या भेगांत मुरते ते थोडेच. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारची ग्रामसभा अशाच ताळेबंदावरून पिके ठरविते. लातूर शहरास २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हेही सांगावे. ऊस की हरभरा, हा प्रश्न ऑक्टोबरातील मोजणीनंतर लगेच सभेपुढे ठेवावा. मार्चात तो विचारून उपयोग नाही.