परवलीच्या शब्दाची मुदत आणि पूर्वसूचना

गडाच्या दरवाजावरील पहारेकरी आलेल्या माणसाला परवलीचा शब्द विचारीत असे. तो शब्द वेळोवेळी बदलला जाई आणि बदल ठाऊक नसलेल्या आपल्याच माणसाला बाहेर तिष्ठत राहावे लागे. आज संगणकावर काम करणाऱ्यांवरही असा प्रसंग ओढवतो. परवलीच्या शब्दाची, म्हणजे पासवर्डची, मुदत संपली आहे हे देयके सादर करण्याच्या शेवटच्या दिवशी कळले, तर एका कर्मचाऱ्यासाठी अनेकांचे काम खोळंबते. वेळीच मिळालेली पूर्वसूचना हा त्यावरील साधा उपाय होय.

हिशेब कसा होतो?

शब्द शेवटचा केव्हा बदलला याची नोंद संगणक ठेवतो. लिनक्स प्रणालीत ही नोंद १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या दिवसांत असते. समजा, हा आकडा २०,००० आहे. म्हणजे शब्द ४ ऑक्टोबर २०२४ रोजी बदलला. मुदत ९० दिवसांची असल्यास ती २०,०९० व्या दिवशी, म्हणजे २ जानेवारी २०२५ रोजी भरते. इशारा ७ दिवस आधी द्यावयाचा असेल, तर तो २६ डिसेंबरपासून दिसू लागतो. सारी करामत एवढ्या बेरीज-वजाबाकीची आहे.

सूचना पोचते का?

खरी अडचण पुढेच आहे. विंडोज प्रणालीत मूळ योजनेनुसार इशारा ५ दिवस आधी मिळतो, पण तो संगणक उघडून प्रवेश करणाऱ्यालाच दिसतो. दहा दिवसांच्या रजेवर गेलेला लिपिक किंवा कार्यालयाच्या जाळ्यात क्वचितच येणारा फिरतीवरील अधिकारी यांना तो दिसतच नाही. म्हणून व्यवस्थापकाने रोज आपोआप चालणारी एक छोटी आज्ञावली योजावी. तिने सर्वांच्या मुदती तपासाव्यात आणि १४, ७, ३ व १ दिवस उरला असता संबंधितांना ई-पत्र पाठवावे. ज्यांची खाती बंद आहेत किंवा ज्यांना मुदतच नाही, त्यांना वगळावे. पत्र परत आल्यास त्याची नोंद व्यवस्थापकाकडे व्हावी; अन्यथा सूचना पाठविली एवढेच समाधान उरते.

सूचनेत काय असावे?

मुदतीची तारीख, शब्द बदलण्याची रीत आणि अडचण आल्यास विचारण्याचे ठिकाण, एवढे पुरे. शब्द विचारू नये आणि दाबण्यासाठी दुवाही देऊ नये. ‘आपली मुदत संपत आहे, येथे दाबा’ अशी खोटी पत्रे पाठवून फसविणारे अनेक आहेत. खऱ्या पत्रात दुवा कधीच नसतो हे एकदा सर्वांच्या अंगवळणी पडले, की खोटे पत्र सहज ओळखू येते.

मुदत हवीच का?

याविषयीचे मत आता बदलले आहे. सक्तीमुळे लोक जुन्याच शब्दापुढील आकडा तेवढा वाढवितात, असे अनुभवास आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ मध्ये ठरावीक काळाने शब्द बदलण्याची सक्ती करू नये, मात्र तो फुटल्याचे दिसताच बदलून घ्यावा, अशी शिफारस केली. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये आपल्या सुरक्षाविषयक शिफारशींतून मुदतीची अट वगळली.

तथापि जेथे मुदतीचा नियम लागू आहे, तेथे तो पाळणे भाग आहे. अशा ठिकाणी नियम करणाऱ्याने सूचनेची जबाबदारीही उचलली पाहिजे. दरवाजा बंद करण्यापूर्वी आपली माणसे आत आली की नाहीत हे पाहणे, हेही पहारेकऱ्याचेच काम आहे.